‘धूळमुक्त’ लिटर आणि बोक्याच्या खोकल्यावर चॅटवरून झालेलं निदान : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आमच्या तेरा वर्षांच्या बोक्यासाठी तुमच्या अ‍ॅपवरून लॅव्हेंडरच्या वासाचं बेंटोनाइट लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची माती) मागवत होतो. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘धूळमुक्त’ छापलंय. प्रत्यक्षात ते ट्रेमध्ये ओतलं की पांढरा धुरळा उडतो आणि शेजारच्या फरशीवर बोटाने रेघ ओढता येईल इतका थर बसतो. ट्रेमध्ये उकरून बाहेर आलं की बोका खोकायला लागायचा.

माझी मुख्य तक्रार मात्र पुढची आहे. खोकल्याचा व्हिडिओ मी तुमच्या चॅटवर पाठवला होता. अंग चोरून, मान पुढे ताणून तो खोकतोय आणि शेवटी आवंढा गिळतोय, हे त्यात स्वच्छ दिसतं. तोंडातून काहीच पडत नाही. तुमच्या प्रतिनिधीचं लगेच उत्तर आलं, “केसांचा गोळा अडकलाय, वय झालं की होतं.” सोबत हेअरबॉल पेस्टची (अंग चाटताना पोटात गेलेल्या केसांच्या गोळ्यावर देतात ती) लिंक. पेस्ट संपत आली तशी नवीन ट्यूबची आठवण करून देणारा मेसेजही न चुकता आला. खोकला जिथल्या तिथे.

डॉक्टरांनी व्हिडिओ बघताच सांगितलं की गोळा बाहेर टाकताना मांजराचं पोट जोरजोरात आत-बाहेर होतं, ती उलटी असते. हा श्वासनलिकेतून येणारा खोकला आहे. या वयात फुप्फुसातले जंत, संसर्ग, गाठ, छातीत साठलेलं पाणी असं बरंच काही वगळावं लागतं. मला वाटलं होतं हृदयाचं काही असेल, पण कुत्र्याला त्यात खोकला येतो तसा मांजराला सहसा येत नाही, श्वास जलद होतो. एक्स-रेमध्ये श्वासनलिकांच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या. रक्त आणि विष्ठा तपासून झाल्यावर निदान झालं दम्याचं. आता प्रेडनिसोलोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) चालू आहे, आणि हळूहळू स्पेसर-मास्कमधून (पंपाला जोडायची नळी आणि तोंडावरचा मास्क) फ्लुटिकासोन या श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपाची सवय लावतोय. (ते मास्क तोंडाला लावून घेणं म्हणजे रोजची कुस्ती.)

दमा तुमच्या लिटरमुळे झाला, असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण धूळ आणि उग्र वास यांनी तो भडकतो, म्हणून लिटर बदलायला आणि घरातली उदबत्ती, मच्छर कॉइल बंद करायला त्यांनी सांगितलं. लिटर बदलल्यावर खोकल्याच्या उबळी कमी झाल्या.

मी फोन केला तेव्हा तुमच्या पर्यवेक्षकांनी अटींमधल्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं : चॅट हा वैद्यकीय सल्ला नाही. मग गोळा अडकल्याचं निदान कोणी केलं?

लिटरच्या उरलेल्या पिशव्यांचे आणि पेस्टचे पैसे परत करावेत. ‘धूळमुक्त’ या दाव्याला कोणत्या चाचणीचा आधार आहे ते लेखी कळवावं, नसेल तर तो शब्द पिशवीवरून काढावा. आणि खोकणाऱ्या मांजराबद्दल कोणी विचारलं तर पेस्ट विकण्याऐवजी डॉक्टरांकडे पाठवावं. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील तर ताबडतोब.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : बिलं, चॅटचे स्क्रीनशॉट, ट्रेजवळच्या फरशीचे फोटो, खोकल्याचा व्हिडिओ, डॉक्टरांचा रिपोर्ट.

आपली,
एक ग्राहक, पुणे