लॅच बदलू नका

श्टुटगार्ट,
१६ जुलै

ती. बाबा, ती. सौ. आई आणि ती. आजी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन मध्येच गेला. "आजी आत आणि आम्ही पाऊण तास बाहेर" एवढं ऐकू आलं आणि लाइन कटली. पावसात चिपळूणची रेंज अशीच जाते, पण तेवढ्या एका वाक्यावर मी सगळी रात्रपाळी काढली. सकाळी आईचा मेसेज पाहिला तेव्हा जीव भांड्यात पडला. किल्ली लॅचमध्ये अडकली, बाबांनी पकडीने फिरवून कशीबशी काढली, ती वाकडी झाली, आणि आता बाबा लॅचच बदलणार आहेत.

बाबा, लॅच बदलू नका. निदान हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तरी नको. फोनवर सांगायला गेले तर अर्धं पावसात वाहून जाईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आईने मेसेजच्या शेवटी लिहिलंय की आजीला आतला खटकासुद्धा फिरवता येईना. माझं सगळं लक्ष त्या एका ओळीवर गेलं. आतला खटका किल्लीच्या वाटेने जातच नाही, तो सरळ लॅचची जीभ मागे ओढतो. बाहेरून किल्ली फिरत नाही आणि आतून खटकाही फिरत नाही, म्हणजे दुखणं किल्लीच्या भोकात नाही. जीभ चौकटीतल्या पट्टीत दाबली गेली आहे. जुलैचा पाऊस आहे, आपलं दार लाकडाचं आहे, ते फुगलंय.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मार्चमध्ये माझ्यावरही हेच गुदरलं. तुम्ही काळजी कराल म्हणून तेव्हा बोलले नाही. पाळी संपवून रविवारी संध्याकाळी घरी आले. इथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता पक्का बसवलेला गोळा असतो. दार ओढून घेतलं की किल्लीशिवाय उघडत नाही. त्यात मी जाताना दोन फेरे कुलूप लावून गेले होते. पहिला फेरा सुटला, दुसऱ्याच्या मध्यावर किल्ली थांबली. पुढे नाही, मागे नाही, बाहेरही नाही. मी जोर लावला. दोन्ही हातांनी लावला. किल्लीची मान किंचित वळल्यासारखी वाटली, तेव्हा घाबरून हात काढला.

अर्ध्या फेऱ्यात किल्ली बाहेर का येत नाही, ते मला नंतर समजलं. सिलेंडरच्या, म्हणजे कुलपात किल्ली जाते त्या भागाच्या, आत ओळीने बारीक पिना असतात आणि त्यांच्यामागे स्प्रिंगा. बरोबर किल्ली गेली की प्रत्येक पीन नेमक्या उंचीवर येते आणि मधला गोल भाग फिरतो. तो फिरला की पिनांना वर सरकायला जागाच उरत नाही, त्यामुळे किल्लीचे दात त्यांच्याखालून निसटू शकत नाहीत. किल्ली जिथे घातली त्याच जागी परत आणल्याशिवाय ती सुटत नाही, मग कितीही ओढा. लायनस येल नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या दशकात अशा कुलपाची पेटंटं घेतली. आपल्या लॅचमध्येही तीच रचना आहे. बाबा, तुम्हाला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर मी जिन्यात बसले. रविवारी इथे हार्डवेअरची दुकानं बंद असतात. मोबाइलवर कुलूपवाला शोधत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. जिना झाडायची पाळी आठवड्याआड आमच्या दोघींकडे असते, त्यातूनच आमची ओळख. त्यांनी आधी मला फोन बाजूला ठेवायला लावला. इंटरनेटवर सगळ्यात वर दिसणाऱ्या नंबरावर रात्री किंवा रविवारी कधी फोन करायचा नाही, म्हणाल्या. मनाला येईल ती रक्कम मागतात. इथली ग्राहक सल्ला केंद्रंही हेच बजावतात: जवळचा माणूस बोलवा, आणि एकूण किती होतील ते फोनवरच ठरवून घ्या.

मग त्यांनी दाराला खांदा लावला, गोळा धरून दार जरासं वर उचललं आणि मला म्हणाल्या, आता फिरव, हळू. किल्ली लोण्यात सुरी जावी तशी फिरली. दार बिजागऱ्यांवरून दोन-तीन मिलिमीटर खाली बसलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या देखभालीच्या माणसाने बिजागरीचा स्क्रू फिरवून दार वर घेतलं. कुलपाला त्याने हातही लावला नाही.

बाबा, आता तुम्ही एक करा. दार सताड उघडं ठेवून लॅचमध्ये किल्ली फिरवून बघा. वाकडी नको, आईकडची सरळ किल्ली घ्या. उघड्या दारात ती सहज फिरली तर लॅच धडधाकट आहे. मग जिभेच्या टोकाला आजीचं कुंकू लावा, दार लोटून घ्या, आणि चौकटीतल्या पट्टीवर डाग कुठे उमटतो ते बघा. डाग असेल त्या कडेला कानस मारा. दाराला रंधा मात्र आत्ता मारू नका, दिवाळीत लाकूड सुकलं की फट पडेल. तोवर किल्ली फिरवताना दार आपल्याकडे ओढून धरायचं. नाहीच जमलं तर आत ढकलून बघायचं.

उघड्या दारातही अडकली, तरच लॅचकडे वळा. आणि तेव्हाही त्यात खोबरेल घालू नका! तेलावर धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि पिना वर-खाली होईनाशा होतात. शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर दोन्हीकडून घासा आणि किल्ली आत-बाहेर करा. ग्राफाइटची पूड मिळाली तर उत्तमच. २०२१ च्या पुरानंतर तुम्ही अंगणात बसून घरातली सगळी कुलपं रॉकेलने धुतली होतीत, आठवतं? वाशिष्ठीचा गाळ किल्लीच्या भोकातून निघता निघत नव्हता. हे लॅच त्यानंतरचं आहे, त्याने तो गाळ पाहिलेला नाही. म्हणून ते इतक्यात टाकून द्यायला माझं मन घेत नाही.

वाकडी झालेली किल्ली ठोकून सरळ करून वापरू नका. एकदा वळलेलं पितळ पुढच्या वेळी आतच तुटतं. तुटलंच तर तिच्यामागून दुसरी किल्ली खुपसू नका आणि गोंदाचे प्रयोगही करू नका, तुकडा कायमचा बसेल. बाजारात नवीन करून घ्याल ती मूळ किल्लीवरून घ्या, नकलेवरून नको. प्रत्येक नकलेत थोडी थोडी चूक वाढत जाते.

आजी, तुझ्याकडे एकच मागणं आहे. दुपारी एकटी असलीस की वरची कडी लावू नकोस. लॅच पुरे आहे. मला माहीत आहे, कडी लावल्याशिवाय तुला झोप येत नाही. पण तू आत पडलीस आणि बाहेरच्यांना आत येता आलं नाही, तर? इथे वॉर्डात अशी माणसं येतात. तासन् तास जमिनीवर पडून होती, असं मुलं सांगतात तेव्हा मला तूच दिसतेस.

आई, एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेव. मी माझी एक खालच्या आजींकडे दिली आहे.

शुक्रवारी माझी सुट्टी आहे, तुमच्या रात्री नऊला फोन करते. कुंकवाचा डाग वर आला की खाली, ते तेवढं बघून ठेवा.

तुमची,
चिऊ