खासबागेचं नाव विकायचं म्हणतोस?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

पत्र मिळालं. आपल्या खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाला एखाद्या कंपनीचं नाव दिलं तर डागडुजीला पैसा येईल, असं लिहिलंयस. पुण्याचं पाणी लागलं की लेका तुला!

तुझ्या जवळचंच गहुंजे बघ. क्रिकेटच्या स्टेडियमला सहारा कंपनीचं नाव दिलं, तिचे पैसे थकले आणि २०१३ मध्ये ते नाव झाकायची पाळी आली. अमेरिकेत ह्यूस्टनला तर एन्रॉन कंपनी बुडाल्यावर बेसबॉलच्या मैदानाचं नाव सोडवून घ्यायला संघालाच २१ लाख डॉलर मोजावे लागले. होय, आपली दाभोळवालीच एन्रॉन!

पैशाला मी नाक मुरडत नाही. कुस्तीत पैसा कधी नव्हता? कुण्या शेठच्या नावानं लाखाची कुस्ती लागते, हलगी कडाडते, स्पीकरवर देणाऱ्याचं नाव चारदा पुकारतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण ते नाव त्या जोडीपुरतं. एकाची पाठ लागली की संपलं.

आणि नाव बदलूच नये असंही नाही. शेजारच्या पॅलेस थिएटरचं केशवराव भोसले नाट्यगृह झालंच की. पण ते त्यांच्या गाण्यापायी, चेकपायी नव्हे.

शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघितलं आणि १९१२ साली हे मैदान उभं केलं. आमचे आजोबा फडक्यात भाकरी-खर्डा बांधून पार वरच्या ओळीत बसायचे. परवा मीही तिथंच जाऊन बसलो. उतार असा की पुढच्याचा फेटासुद्धा आड येत नाही. खाली दोन पोरं माती उकरत होती, एकाच्या कानात माती गेलेली, आणि वस्ताद त्याला तशीच पुढची पकड घ्यायला लावत होता. तिथं बसून तुझ्या कंपनीची पाटी कुठं लावायची ते शोधलं. जागा सापडली नाही, मर्दा.

एक तोड मात्र आहे. इंग्लंडात न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क या फुटबॉलच्या मैदानाला २०११ मध्ये संघाच्या मालकानं आपल्याच दुकानांचं नाव दिलं. लोक खवळले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीनं नावाचे हक्क घेतले आणि जुनं नाव परत लावलं. त्या कंपनीचा धंदा काय, तर भरमसाट व्याजानं उधारी द्यायची! तरी एवढी अक्कल होती.

असली कंपनी ओळखीत असेल तर कळव, मी स्वतः तिला तांबडा-पांढरा जेवायला घालतो. आणि तू एकदा ये. वरच्या ओळीत जागा धरून ठेवतो.

तुझा,
बंडू