लिट्टेने आधी तमिळांचेच पुढारी संपवले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रीलंकेत वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी, म्हणजे ईलमसाठी, लढलेल्या लिट्टेवरचा (‘तमिळ वाघां’वरचा) आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. श्रीलंका सरकारने तमिळांवर केलेल्या अन्यायाचा भाग लेखकाने नीट मांडला आहे. १९५६ चा फक्त सिंहली भाषेचा कायदा, तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी केलेले आणि मोडलेले करार, १९८१ मध्ये जाळलेलं जाफनाचं ग्रंथालय आणि त्यातली ९७ हजारांच्या आसपास पुस्तकं-हस्तलिखितं, यातल्या एका ओळीबद्दलही माझी तक्रार नाही. हरकत पुढच्या दोन गोष्टींना आहे. लिट्टेला तिथल्या तमिळांचा एकमेव आवाज म्हटलं आहे, आणि किलिनोच्चीतली त्यांची कोर्टं, पोलीस, बँक दाखवून त्यांची बरोबरी आपल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारशी केली आहे. एकमेव आवाज ते झाले कसे, हे लेखात कुठेच नाही. ते सांगितल्याशिवाय लिट्टेचा इतिहास पुरा होत नाही, म्हणून हे पत्र.

मी विट्याचा. खानापूर-आटपाडीची माणसं दुष्काळापायी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगली, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. मीही मिसरूड फुटायच्या आधी मामांच्या मागे मदुराईला गेलो. मीनाक्षीच्या देवळालगत दक्षिण आवणी मूल वीथी आहे, तो तिथला सराफ बाजार. तिथे एका माडीवर मामांची भट्टी होती. जुना दागिना मुशीत वितळवायचा, तेजाबात शुद्ध करायचा, टंच काढून लगड परत द्यायची. एखाद्या गिऱ्हाइकाला शंका असली की सराफ त्यालाच आमच्याकडे माडीवर पाठवी. डोळ्यांदेखत सोनं वितळलं की भावाचा वाद राहत नाही. त्यामुळे माणसं समोर बसत आणि बसली की बोलत.

२३ जुलै १९८३ रोजी जाफनाजवळ वाघांनी १३ सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं पेटली. वेलिकडा तुरुंगात दोन दिवसांत ५३ तमिळ कैद्यांना ठार केलं गेलं. त्यानंतर रामेश्वरमच्या किनाऱ्याला बोटी लागू लागल्या, मंडपमची निर्वासितांची छावणी भरली आणि थोड्याच दिवसांत आमच्या बाजारात सिलोनचं सोनं आलं. जाफनाकडची ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, हातात घेतली की कळायची. साखळी चांगली जाड, कस चोख. बायका साखळी मोडायला देत, पण तिच्यातलं तालीचं पदक तेवढं आधी सोडवून घेत आणि हळदीत भिजवलेल्या दोऱ्यात ओवून तिथेच गळ्यात बांधत. मग आम्ही भाता मारायला सुरुवात करायचो. असा हळदीचा दोरा मी किती गळ्यांत पाहिला त्याचा हिशेब नाही.

तेव्हा मदुराईत भिंतीभिंतींवर वाघांची चित्रं होती. सगळं शहर त्यांच्या बाजूचं होतं आणि आम्हीही होतो. परमुलखातली माणसं आपल्या पोरीबाळींसह जीव वाचवून आलेली दिसतात तेव्हा दुसरं काय वाटणार?

१९८६ च्या उन्हाळ्यात एक मास्तर आणि त्यांची बायको भट्टीवर आली. जाफनाकडे शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा मोठा मुलगा ‘टेलो’त होता. तमिळ ईलमसाठी लढणाऱ्या संघटना तेव्हा चार-पाच होत्या, त्यातली ही एक मोठी. लिट्टेइतकीच हत्यारं उचललेली, लिट्टेसारखंच वेगळं राष्ट्र मागणारी. मुलगा गेला होता. मामांनी हळहळून लष्कराला शिवी हासडली. मास्तर म्हणाले, “सेट, आर्मीने नाही मारलं. आमच्याच पोरांनी मारलं.” मुशीतलं सोनं पातळ होईपर्यंत ते पुढे एक शब्द बोलले नाहीत. बाईंनीच मग सांगितलं. वाघांनी टेलोच्या ठिकाणांना वेढा घातला, पोरांना हुडकून हुडकून गोळ्या घातल्या, प्रेतं चौकात जाळली. शेजारीपाजारी दार उघडायला धजावले नाहीत.

योगायोग असा की ४ मे १९८६ रोजी आमच्या मदुराईतच ईलमच्या पाठिंब्याची मोठी परिषद भरली होती. करुणानिधींनी बोलावलेली. अटलबिहारी वाजपेयी, एन. टी. रामाराव, हेमवतीनंदन बहुगुणा असे बडे नेते आले होते. गर्दीमुळे बाजारातून सायकल काढता येत नव्हती. त्याच दिवसांत समुद्रापलीकडे टेलोची कत्तल चालू होती आणि परिषदेला आठवडा व्हायच्या आत टेलोचा नेता श्री सबारत्नम मारला गेला. आपल्या लेखात मदुराईच्या परिषदेचं छायाचित्र आहे. सबारत्नमचं नावही नाही.

त्या दिवसापासून मी लिट्टेच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचू लागलो. तिशीनंतर तमिळ वाचायला शिकलो तो बराचसा त्यासाठीच. आणि जे दिसलं ते असं की लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन याने केलेली पहिली गाजलेली हत्याच तमिळ माणसाची होती. आल्फ्रेड दुरैअप्पा, जाफनाचे महापौर, २७ जुलै १९७५. लिट्टे या नावाने संघटना उभी राहिली ती पुढच्या वर्षी मे महिन्यात. दुरैअप्पा सरकार पक्षाचे होते म्हणून गद्दार ठरले, असं समर्थन तेव्हा झालं. ठीक, मग अमृतलिंगम यांचं काय? ते वेगळ्या तमिळ राष्ट्राच्या मागणीवर १९७७ ची निवडणूक लढले आणि श्रीलंकेच्या संसदेत विरोधी पक्षनेते झाले. १३ जुलै १९८९ रोजी कोलंबोत बोलणी करायची म्हणून वेळ घेऊन आलेल्या वाघांनी त्यांना घरातच गोळ्या घातल्या. त्यांच्याबरोबर माजी खासदार योगेश्वरन गेले. योगेश्वरन यांच्या पत्नी सरोजिनी १९९८ मध्ये जाफनाच्या महापौर झाल्या, त्यांनाही त्याच वर्षी मे महिन्यात राहत्या घरी मारलं. त्यांच्या जागी शिवपालन आले. सप्टेंबरात ते बॉम्बस्फोटात गेले. एका गावचे तीन महापौर, तिघेही तमिळ. ‘ईपीआरएलएफ’ या दुसऱ्या तमिळ संघटनेचे नेते पद्मनाभा आणि त्यांचे साथीदार तर जून १९९० मध्ये चेन्नईत, कोडंबाक्कमच्या इमारतीत मारले गेले. सरकारबरोबर बसून नव्या घटनेचा मसुदा करणारे कायदेपंडित नीलन तिरुचेल्वम १९९९ मध्ये मानवी बॉम्बने गेले.

डॉ. राजनी थिरनगामांबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. जाफना विद्यापीठात त्या शरीररचनाशास्त्र शिकवत. सुरुवातीला त्या लिट्टेच्या बाजूच्या होत्या, जखमी पोरांवर त्यांनी उपचार केले होते. पुढे त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन मानवी हक्कांची संघटना काढली आणि जो कोणी सामान्य माणसाला मारील त्याची नोंद करायला घेतली. श्रीलंकेचं लष्कर, वाघ आणि भारताने तिथे पाठवलेली आपली शांतिसेनासुद्धा. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफनाच्या इस्पितळात आपल्या जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण गेले. ते त्यांनी लपवलं नाही. आपल्याला ते वाचायला जड जातं, मलाही गेलं. पण त्याच लेखणीने त्यांनी वाघांबद्दलही लिहिलं आणि २१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलवरून घरी परतताना त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं ३५. मारेकरी वाघांचेच होते, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड सांगितलं. लढ्याची बाजू न सोडता लढणाऱ्यांना जाब विचारणारी अशी माणसं गेल्यावर मागे एकच आवाज उरणार, यात नवल ते काय!

शांतिसेनेचा भाग लेखात सविस्तर आहेच. आपले बाराशेच्या आसपास जवान तिथे गेले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला धारातीर्थी पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत फौजेतली घरं इतकी आहेत की यावर मी वेगळं काय लिहू.

मार्च १९९० मध्ये फौज परतली, जूनमध्ये पुन्हा युद्ध पेटलं आणि रामेश्वरमला पुन्हा बोटी आल्या. या खेपेला एक फरक मला भट्टीवर बसून दिसला. माणसं आली, सोनं फारसं आलं नाही. विचारलं तर सांगत, वाघांनी घरटी दोन पवन वसूल केलं. पवन म्हणजे आठ ग्रॅम. गरिबाच्या घरात असतं तेवढंच. त्याच ऑक्टोबरात जाफनातल्या मुसलमानांना दोन तासांत शहर सोडायला लावलं. त्यांची मातृभाषाही तमिळच. त्यांच्या अंगावरचं सोनंसुद्धा काढून घेतलं. उत्तरेकडून अशी सत्तर-पंचाहत्तर हजार माणसं एका पंधरवड्यात उठवली गेली. तमिळांच्या नावाने लढणाऱ्या सेनेने हे तमिळ बोलणाऱ्यांशी केलं.

२१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि तमिळनाडूचं मन एका रात्रीत फिरलं. भिंतींवरची चित्रं पुसली गेली. आमच्या बाजारात सिलोनचं सोनं घ्यायला कोणी तयार होईना, पोलीस विचारतील म्हणून. ज्यांचे मुलगे वाघांनीच मारले होते त्यांनाही भाड्याची खोली मिळेना. ते गणिताचे मास्तर छावणीत गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

आता प्रतिसरकारबद्दल. कुंडल आमच्या शेजारचं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा यांची नावं आमच्या घरात रोजच्या बोलण्यात होती. १९४३ ते ४६ या काळात त्यांनीही न्यायदान मंडळं चालवली, तुफान सेना उभी केली, शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा घेतला. खबऱ्यांना आणि गावगुंडांना पत्र्या ठोकल्या, तेही खरं. आमच्या आजोबांच्या वेळची माणसं ते सांगताना आवाज खाली करत. तेव्हा बरोबरी का सुचली असेल हे मी समजू शकतो. पण पुढचंही बघा. इंग्रज जाणार हे दिसल्यावर ही माणसं भूमिगत राहिली नाहीत. कोणी काँग्रेसमध्ये राहिलं, कोणी शेतकरी कामगार पक्षात गेलं, नाना पुढे कम्युनिस्ट झाले. एकमेकांविरुद्ध सभा गाजवल्या, निवडणुकीत पाडापाडी केली, जाहीर सभेत नाही नाही ते बोलले. १९५७ ला नाना साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते काँग्रेसला हरवूनच. पक्ष वेगळा झाला म्हणून कोणी जुन्या सोबत्यावर बंदूक रोखल्याचं आम्ही ऐकलं नाही. प्रभाकरनला तर २००२ च्या युद्धबंदीनंतर बोलणीची संधी होती. त्याही काळात वेगळ्या मताचे तमिळ मारले जातच होते. परराष्ट्रमंत्री कदिरगामर २००५ मध्ये गेले, तेही तमिळ.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. मे २००९ पर्यंतच्या महिन्यांत मुल्लैतीवूच्या किनारपट्टीवर लाखो माणसं कोंडली गेली. सरकारने ज्या भागाला सुरक्षित म्हटलं त्यावरच तोफा डागल्या आणि निसटू पाहणाऱ्यांवर वाघांनी गोळ्या झाडल्या. त्या शेवटच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक गेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. सरकारकडून त्यांना आजही न्याय नाही. न्याय मागायला जी माणसं पुढे आली असती, त्यातली कितीतरी आधीच मारली गेली होती.

तमिळनाडूच्या छावण्यांत आजही ५० हजारांवर श्रीलंकन तमिळ राहतात. तिथेच जन्मलेली पिढी आता नोकरीला लागली, पण त्यातल्या बहुतेकांना नागरिकत्व नाही. २०१९ च्या नागरिकत्व कायद्यातही त्यांचा समावेश नाही.

आपला लेख इथल्या अभ्यासिकेत फळ्यावर लावलेला मी पाहिला. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावरून टिपणं काढत आहेत. म्हणून विनंती आहे की पुढच्या पुरवणीत दुरैअप्पा ते कदिरगामर या सगळ्यांची माहिती द्यावी आणि मंडपमच्या छावणीवर आपल्या प्रतिनिधीकडून लिहून घ्यावं. प्रभाकरनचा फोटो पाव पान होता. राजनी थिरनगामांना निदान दोन कॉलम तरी द्यावेत.

कळावे,
एक निवृत्त गलाई व्यावसायिक
विटा, जि. सांगली