गिझर बदलण्याआधी पाणी कुठे अडते ते पाहा

महोदय,

थंडी सुरू झाली की आमच्या रामबागेत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, शॉवरला जोरच नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: गिझर जुना झालाय, बदलून टाका. मी इंदुरातल्या शाळेत वर्षानुवर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे. गिझर पाणी तापवतो, पाण्याला जोर देत नाही, एवढे तरी लोकांपर्यंत पोचावे म्हणून हे पत्र लिहिते आहे. पेन्शनवर घर चालवणाऱ्यांनी चांगला चालणारा गिझर काढून हजारो रुपये घालवलेले मला बघवत नाहीत.

जोर येतो तो उंचीमुळे. टाकीतले पाणी शॉवरच्या जितके वर, तितका दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार म्हणजे दाब मोजायचे एकक). आता वरच्या मजल्यावरच्या घराचा हिशेब करा. टाकी थेट स्लॅबवर बसवलेली, शॉवर फरशीपासून सात फुटांवर. टाकीचा तळ आणि शॉवर यांच्यात जेमतेम एक मीटर. टाकी काठोकाठ भरली तर त्यावर आणखी मीटरभर पाणी. म्हणजे भरलेल्या टाकीला जो दाब मिळतो, तो टाकी तळाला जाईपर्यंत निम्म्यावर येतो. आपल्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. मधल्या दिवशी टाकी खाली गेली की ‘काल तर बरा चालला होता’ असे म्हणत सगळे गिझरकडे बघतात. तळमजल्यावरच्यांना मात्र प्रत्येक मजल्यामागे तीन मीटर उंची जास्त मिळते.

आमच्या इमारतीत सगळ्यात वर एक काकू एकट्या राहतात. त्यांना प्लंबरने सांगितले, ‘मांजी, गीजर बदल दो, पूरी लाइन ठीक हो जाएगी.’ काकू पैसे काढायला निघाल्या होत्या. मी म्हटले, काकू, आधी थंड पाण्याचा शॉवर सोडा. तोही तितकाच मंद होता. थंड पाणी गिझरमधून जातच नाही, मग त्यात गिझरचा काय दोष? आम्ही शॉवर फिरवून काढला आणि नुसत्या पाइपखाली दहा लिटरची बादली धरली. ती मिनिटभरात भरली. शॉवर लावल्यावर तीच बादली भरायला चार मिनिटांच्या वर लागत होती. अडचण पाण्याच्या वाटेत शेवटच्या बोटभर जागेत होती.

शॉवरच्या वॉशरमागची जाळी नखाने उचलली तर तिच्यात वाळू, टेफ्लॉन टेपचा पिळलेला तुकडा आणि पाइप कापताना उडालेला प्लॅस्टिकचा भुगा. भोकांवर क्षारांचा पांढरा कडक थर होता, कारण उन्हाळ्यात टाकीत बोअरिंगचे पाणी भरले जाते. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून शॉवर त्यात अर्धा तास ठेवला, जुन्या टूथब्रशने घासला, राहिलेली भोके सुईने मोकळी केली. रात्रभर भिजत ठेवू नये, वरची चकाकी जाते. काकूंचा गिझर अजून तोच आहे.

थंड पाणी जोरात आणि गरम तेवढे मंद असेल, तर मात्र गिझरच्या वाटेवर शोधावे. गिझरला पाणी जाते तो भिंतीवरचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, अर्धाच उघडा असतो, किंवा मऊ कनेक्शन पाइप पिळून बसलेला असतो. गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळातली गरम पाण्याच्या बाजूची चकती क्षारांनी अडकलेली असते. साठवणीच्या गिझरला पाणी आत जाते तिथे एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तोही क्षारांनी धरतो. दाब प्रमाणाबाहेर वाढला तर पाणी बाहेर सोडण्याचे काम त्याचेच असते, आणि जोर वाढवण्यासाठी तो काढून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत. कृपा करून कोणी तसे करू देऊ नका. पाणी तापले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला आणि वाफेला वाट उरली नाही, तर गिझर फुटतो. गिझरचे मेन स्विच बंद करून कारागिराकडून तो व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा, नाहीतर त्याच दाबाचा नवा बसवावा. नव्या गिझरच्या मानाने ते फारच स्वस्त पडते.

थंड आणि गरम दोन्ही मंद, शॉवर साफ करूनही मंद, असे असेल तर गच्चीवर जावे. टाकीच्या तोंडाशी असलेल्या गेट व्हॉल्व्हची चकती पुष्कळदा आतल्या आत तुटून पडलेली असते. चाक फिरते, वाट उघडत नाही. जुन्या घरांत लोखंडी पाइप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. व्यास निम्मा झाला की पाणी जायची जागा चौथाईच उरते. टाकीपासून बाथरूमपर्यंत एक इंची पाइप आणावा, अर्धा इंच फक्त शेवटी. आणि वरच्या मजल्यावर तो ताटाएवढा पावसाळी शॉवर लावूच नये, बारीक भोकांचा छोटा शॉवर कमी दाबातही अंगावर नीट पाणी घालतो.

टाकी मीटर-दीड मीटर उंचावली तर वरच्या मजल्याला फार मोठा फरक पडतो. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. स्टँड बीमवर किंवा भिंतीवर यायला हवा, मधल्या स्लॅबवर नव्हे. हे इंजिनिअरला विचारूनच करावे. ते जमत नसेल तर छोटा प्रेशर पंप आहे. तो घेताना गिझरच्या पट्टीवर किती बारचा दाब लिहिला आहे ते आधी वाचावे, अर्थिंग बघून घ्यावे, आणि पंप टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपवरच बसवावा.

नर्मदेच्या लाइनला थेट मोटर लावणाऱ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. हे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर येते, चारशे मीटरहून जास्त चढ चढून, आणि १९७८ पासून या शहराची तहान भागवते आहे. त्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केले होते. मोटर लावली की गल्लीच्या टोकाच्या घरात नळ सुकतो, आणि पाइप जिथे फुटलेला असेल तिथून बाजूच्या गटाराचे पाणी आत खेचले जाते. आपल्या शॉवरच्या जोरासाठी दुसऱ्याच्या हंड्यात घाण पाणी जावे, हे कोणत्याही घराला शोभत नाही.

फ्लॅट घेताना आपण फरशी, ओटा, पार्किंग बघतो. त्याच वेळी गच्चीवर जाऊन टाकीचा तळ वरच्या मजल्याच्या शॉवरपासून किती उंच आहे तेही बघावे. बिल्डरांनी टाकीसाठी निदान पाच फूट उंचीचा ओटा नकाशातच धरावा, आणि महापालिकेने नकाशा मंजूर करताना तो तपासावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर