फ्रेंचचे पहिले पाठ मराठीतून द्यावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदुरात फ्रेंच शिकण्याकडे वळणारी मराठी घरांतील मुले आता पुष्कळ दिसतात. कोणी शाळेत तिसरी भाषा म्हणून ती घेते, कोणी हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी. शिवाय कॅनडाने 2023 मध्ये आपल्या एक्सप्रेस एन्ट्री या स्थलांतर योजनेत फ्रेंच जाणणाऱ्यांची स्वतंत्र वर्गवारीने निवड सुरू केल्यापासून नोकरी करणारे तरुणही संध्याकाळच्या शिकवण्यांना जाऊ लागले आहेत. या सर्वांना फ्रेंचचे प्राथमिक व्याकरण इंग्रजीतून शिकवले जाते आणि त्यामुळे त्यांची सुरुवात विनाकारण अवघड होते, असे माझे मत आहे. आपल्या वृत्तपत्राला याबाबत काही करता येईल, म्हणून हे पत्र.

शहरातील एका शिकवणीला जाणाऱ्या माझ्या नातीच्या वहीत ‘सों’ म्हणजे ‘हिज’ आणि ‘सा’ म्हणजे ‘हर’ असे दोन रकाने आखून लिहून दिलेले होते. हे साफ चूक आहे. ‘सों पेर’ म्हणजे त्याचे वडील आणि तिचेही वडील. ‘सा मेर’ म्हणजे त्याची आई किंवा तिची आई. ‘सों’ वापरायचे की ‘सा’, हे मालक पुरुष आहे की स्त्री यावर ठरत नाही, तर पुढे येणाऱ्या नामाच्या लिंगावर ठरते. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हा नियम उलटा वाटतो. परंतु ‘त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचे घर’ असे बोलता येऊ लागल्यापासून म्हणत आलेल्या मुलीला त्यात नवे काहीच नाही, कारण आपले चा-ची-चे नेमके हेच काम करतात. मराठीत ‘त्याची’ आणि ‘तिची’ यांवरून मालकही कळतो, फ्रेंचमध्ये तो संदर्भाने ओळखावा लागतो, एवढाच फरक. स्त्रीलिंगी नाम स्वराने सुरू होत असेल तर ‘सा’ऐवजी ‘सों’ येते, हा अपवाद नंतर सावकाश सांगता येतो. नातीला हे मराठीतून समजावले, तेव्हा ‘मग वर्गात असं का नाही सांगत?’ एवढेच तिने विचारले. त्यात शिकवणाऱ्यांचा दोष मला फारसा वाटत नाही. हाती असलेली पुस्तकेच इंग्रजी जाणणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेली असतात.

भूतकाळाचे प्रकरण तर याहून बोलके आहे. जाणे, येणे अशा क्रियापदांचे फ्रेंच भूतकाळी कृदंत कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे लिहितात, म्हणजे ‘तो गेला, ती गेली’ हाच प्रकार. इतर बहुतेक क्रियापदांच्या बाबतीत, कर्म आधी येऊन गेले असेल तर कृदंत त्या कर्माप्रमाणे बदलते: ‘मी लिहिलेला लेख’ म्हणताना ‘एक्री’, पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘एक्रीत’, आणि हा शेवटचा त कानालाही स्पष्ट ऐकू येतो. फ्रान्समधील मुलांनासुद्धा हा नियम शाळेत घोकावा लागतो. आपल्याकडे मात्र कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलेल्या सातवी-आठवीच्या मुलाला क्रियापद कर्माच्या मागे जाते हे पटवून द्यावे लागत नाही. कर्म मागून आले तर फ्रेंच कृदंत जागचे हलत नाही आणि मराठी क्रियापद मात्र तेव्हाही बदलते, ही मर्यादा सांगितली की काम भागते. उदाहरणांसाठीही दूर जायला नको. ‘यशवंतराव होळकरांनी माणिकबाग महालासाठी पॅरिसहून मागवलेल्या खुर्च्या’ हे वाक्य फ्रेंचमध्ये करायला दिले, तर स्त्रीलिंगी अनेकवचनाचा सराव होतो आणि ते इतिहासालाही धरून आहे.

निर्जीव वस्तूंना लिंग असणे ही फ्रेंचची ख्यातनाम अडचण. इंदूरच्या मराठी मुलाला तिचे भय वाटण्याचे काही कारण नाही, कारण एकाच शब्दाचे लिंग तो दिवसातून अनेकदा बदलत असतो: घरात ‘पुस्तक घेतलं’ म्हणणारा मुलगा दाराबाहेर मित्रांना हिंदीत ‘पुस्तक ली’ म्हणून सांगतो आणि दोन्हीकडे अचूक बोलतो. तेच पुस्तक फ्रेंचमध्ये पुल्लिंगी आहे, ‘ल लिव्र’, हे त्याला तिसऱ्या घरची रीत म्हणून सहज स्वीकारता येते. चंद्र आणि समुद्र तिकडे स्त्रीलिंगी आहेत, ‘ला ल्यून’ आणि ‘ला मेर’. म्हणून नाम कधीही एकटे पाठ करू नये, त्याच्यापुढचे ‘ल’ किंवा ‘ला’ जोडूनच करावे. शेवटावरूनही काही अंदाज बांधता येतात. ‘-स्यों’ने संपणारी ‘नास्यों’, ‘स्तास्यों’ अशी नामे सहसा स्त्रीलिंगी असतात, तर ‘व्हिलाझ’, ‘व्वायाझ’ यांसारखी ‘-आझ’ने संपणारी बहुधा पुल्लिंगी, पण समुद्रकिनारा म्हणजे ‘प्लाझ’ मात्र स्त्रीलिंगी.

उच्चारांच्या बाबतीत इंग्रजी माध्यमाने होणारे नुकसान तर ऐकतानाच कळते. फ्रेंचमधील त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत आणि प, त, क यांना इंग्रजीसारखा श्वासाचा झोत नाही. तरीही आपली मुले ‘ला ताब्ल’ न म्हणता ‘ला टेबल’ म्हणतात, कारण रोमन लिपी समोर आली की जीभ इंग्रजीच्या वळणाने वळते. सुरुवातीचे काही आठवडे तरी उच्चार देवनागरीत लिहून द्यावेत. देवनागरी सगळीकडे पुरी पडत नाही, हे मान्य. ‘त्यू’ (म्हणजे तू) यामधील स्वर ओठ ‘ऊ’साठी गोल करून ‘ई’ म्हटल्याने साधतो आणि तो कानांनीच शिकावा लागतो. अनुस्वाराविषयीही सावध राहायला हवे, कारण मराठीत आपण तो पुढच्या व्यंजनाप्रमाणे उच्चारतो; फ्रेंच ‘बों’ नाकातच राहिला पाहिजे, त्याचा ‘बोन’ किंवा ‘बोम’ होता कामा नये. येथे आपल्याला हिंदीचा शेजार उपयोगी पडतो. ‘हाँ’ आणि ‘कहाँ’ रोज म्हणणाऱ्या इंदूरकराच्या नाकाला ही सवय आधीपासूनच आहे. शब्दाच्या शेवटचे मुके व्यंजन पुढे स्वर आला की जागे होते, म्हणून ‘कोमां’ आणि ‘आले वू’ मिळून ‘कोमां ताले वू’ (तुम्ही कसे आहात?) होते. संधी शिकलेल्या मुलाला हेही परके वाटू नये.

रोजच्या वापरातील वाक्ये पाठ करून घेतली जातात, पण ती केव्हा म्हणायची हे सांगितले जात नाही. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचे असते. तसे न करता थेट वस्तू मागणे उद्धटपणाचे समजतात. मागतानाही ‘झ वो’, म्हणजे ‘मला हवे आहे’, असे न म्हणता ‘झ वूद्रे’ म्हणावे. मराठीत आपणही ‘एक चहा हवा होता’, ‘जरा काम होते’ असे भूतकाळ वापरून बोलणे मऊ करतो. ‘वूद्रे’ हे भूतकाळाचे नसून संकेतार्थाचे रूप असले, तरी त्यामागील संकोच तोच आहे. ‘त्यू’ आणि ‘वू’ यांतील भेद तर तू आणि तुम्ही जाणणाऱ्याला शिकवावाच लागत नाही; एकाच माणसाशी बोलताना क्रियापद अनेकवचनी होते, हेही त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

सगळेच मराठीतून सुटते असा माझा दावा नाही. फ्रेंचमध्ये ‘जवळ असणे’ यासाठी वेगळे क्रियापद आहे आणि आपण ‘माझ्याकडे आहे’ असे म्हणतो. नामापूर्वीची उपपदे मराठीत नाहीत, आणि कर्ता-क्रियापद-कर्म ही वाक्यरचनाही आपली नाही. तेथे शिक्षकांनी इंग्रजीचा आधार खुशाल घ्यावा. ऐंशीसाठी ‘चार वीस’ आणि सत्त्याण्णवसाठी ‘चार वीस, दहा, सात’ म्हणणाऱ्या फ्रेंच आकड्यांना मुले हसतात. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत गोंधळणाऱ्यांनी जरा बेताने हसावे.

कॅनडाचा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवते. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र कायम टिकते, पण तेथील स्थलांतराच्या अर्जासाठी ते चालत नाही; त्यासाठी टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल 2 वर्षेच ग्राह्य असतो. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी हे विचारून घ्यावे.

माझी विनंती अशी की, आपल्या रविवारच्या पुरवणीत अर्धा स्तंभ फ्रेंचच्या प्राथमिक पाठांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक वेळी व्याकरणाचा एकच मुद्दा मराठीच्या आधारे उलगडून सांगावा, सोबत रोजच्या बोलण्यातील तीन-चार वाक्ये उच्चारासह द्यावीत आणि स्वाध्यायाची उत्तरे पुढच्या रविवारी छापावीत. वाक्यांतील माणसे राजवाड्यावर, सराफ्यात आणि रीगल चौकात फिरणारी असावीत. मजकूर शहरातील फ्रेंचच्या प्राध्यापकांकडून तपासून घेतला जावा, हे मात्र अगत्याचे आहे. मराठीच्या बाजूचे मुद्रितशोधन विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
लोकमान्यनगर, इंदूर