शेवटच्या बिटांकडे दुर्लक्ष नको

प्रति,
संपादक,

महोदय,

शहरातील जुन्या कॅसेटींच्या डिजिटल रूपांतराविषयीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेतील भाषणे असोत की घरोघरच्या मैफली, अशा ध्वनिफिती नाशिककरांच्या कपाटांत पुष्कळ आहेत आणि त्या वाचवण्याचे कोणी मनावर घेतले, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र या कामातील अगदी शेवटच्या टप्प्याविषयी, म्हणजे २४ बिटांची फाइल १६ बिटांच्या ढोबळ मापावर आणताना करावयाच्या डिदरिंगविषयी (अगदी बारीक गोंगाट मुद्दाम मिसळण्याविषयी), लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ते न केल्याचा परिणाम मी स्वतः ऐकला आहे.

माझ्या आत्याने १९८६ साली गणपतीतल्या एका दुपारी घरी गायलेला भीमपलास एका कॅसेटवर होता. ती मी रूपांतरासाठी एका स्टुडिओकडे दिली. त्यांनी फितीची सुरसुर सॉफ्टवेअरने काढली, शेवटी नुसत्या तंबोऱ्यावर लांब फेड आऊट दिला, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर नेला, आणि सीडीसाठी १६ बिटांची फाइल करून दिली. हेडफोन लावून, आवाज वाढवून तो शेवट ऐकला, तेव्हा तंबोऱ्याची आस विरत जाण्याऐवजी तिला आधी चरचरीत कड आली, मग ती तुटक झाली आणि एकाएकी बंद पडली. जवारीचे, म्हणजे तारेच्या झणकारातले, सूक्ष्म स्वर जिथे ऐकू यायला हवेत, तिथे मूळ फितीत कधीच नसलेला आवाज होता.

याचे कारण सरळ आहे. २४ बिटांत आवाजाची पातळी मोजण्यासाठी सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्या असतात, तर १६ बिटांत, म्हणजे १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीच्या मापात, ६५,५३६. खालचे आठ बिट नुसते छाटून टाकले, तर भरलेल्या आवाजात फरक कळत नाही. पण फेड आऊटच्या शेवटी सगळा तंबोरा दोन-तीन पायऱ्यांत मावलेला असतो आणि छाटणीची चूक स्वराबरोबरच हलू लागते. स्वराशी बांधलेली ही चूक कानाला गोंगाट म्हणून नव्हे, तर बिघडलेला स्वर म्हणून ऐकू येते. डिदरिंगमध्ये बिट कमी करण्याच्या आधी दोन पायऱ्यांइतक्या पट्ट्यातला अगदी बारीक, अनियमित आवाज मुद्दाम मिसळतात. समजा, मूळ पातळी एका पायरीच्या तीन दशांश इतकी आहे. छाटल्यास ती दर वेळी शून्यच होईल, पण डिदर मिसळल्यावर ती कधी वरच्या तर कधी खालच्या पायरीवर पडते आणि सरासरी तीन दशांशच राहते. म्हणूनच एका पायरीहून मंद असलेला स्वरही त्या हलक्या सुरसुरीतून ऐकू येऊ शकतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जॉन व्हँडरकोय आणि स्टॅनली लिपशिट्झ यांनी १९८४ साली हे सविस्तर मांडले. त्यासाठी तळाचा गोंगाट सुमारे पाच डेसिबलने वाढतो, तरीही तो कमाल पातळीच्या ९० डेसिबलहून अधिक खाली राहतो.

कॅसेटमध्ये मुळातच एवढी सुरसुर असते की डिदरची गरज नाही, असे काही जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण फितीची सुरसुर १६ बिटांच्या शेवटच्या पायरीपेक्षा कितीतरी मोठी असते आणि डिदरचे काम तीच करून जाते. परंतु हल्ली आधी सुरसुर काढतात आणि मग फेड आऊट देतात. म्हणजे फितीने दिलेले संरक्षण आपणच काढून घेतो, आणि नेमके तेव्हाच डिदर द्यायचे राहून जाते.

डिदर सर्वांत शेवटी आणि एकदाच द्यावा. त्यानंतर फाइलवर पुन्हा काम करू नये. एमपी३ करायची असल्यास ती २४ बिटांच्या फाइलवरूनच करावी. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. ज्यांना फरक स्वतः ऐकायचा असेल, त्यांनी एखादा मंद आलाप ८ बिटांवर, म्हणजे फक्त २५६ पायऱ्यांवर, एकदा डिदरसह आणि एकदा त्याशिवाय उतरवून पाहावा. साध्या स्पीकरवरही तो स्पष्ट कळतो.

मी स्टुडिओकडे २४ बिटांची फाइल मागितली, तेव्हा ती पुसून टाकल्याचे समजले. सुदैवाने माझी कॅसेट अजून वाजते, म्हणून ती मला घरीच पुन्हा उतरवून घेता आली. अनेकांच्या फिती मात्र दुसऱ्यांदा वाजतीलच असे नाही. तेव्हा हे काम हाती घेणाऱ्या संस्थांनी २४ बिटांची मूळ फाइल, सुरसुर न काढता, ताब्यात मिळावी आणि १६ बिटांची प्रत डिदर देऊनच तयार व्हावी, या दोन अटी कामाच्या करारातच लेखी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक,
नाशिक