सायकलचा सुटा भाग मागवण्याआधी मागचे चाक काढून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की घाटांत माउंटन बाइक दिसू लागतात आणि त्याच सुमारास सायकल दुरुस्तीच्या दुकानांत खोक्यातून नुकतेच निघालेले, पण न बसणारे भाग येऊ लागतात. कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, चढत नाही. ब्रेक येतात, पण लीव्हर लावायला हँडलवर जागा नसते. भाग नवा असतो, चांगल्या कंपनीचा असतो. खोक्यावर 'एमटीबी' (माउंटन बाइक) लिहिलेले पाहून तो आपल्या सायकलला बसेल असे ग्राहकाने धरलेले असते, आणि चूक तिथेच होते. भाग बसणे ठरते ते आट्यांवर, मिलिमीटरवर आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) एका क्लिकला किती केबल ओढतो त्यावर.

आपल्याकडे पहिली माउंटन बाइक म्हणून घेतली जाणारी सायकल बहुधा 21 गिअरची, म्हणजे पुढे 3 आणि मागे 7. तिच्या मागच्या चाकावर बहुतेक वेळा कॅसेट नसते, हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील असते. ओळखायचे कसे? चाक काढा, दातेरी चकत्या उलट्या फिरवा आणि मध्यभागी पाना बसवायच्या खाचांकडे बघा. चकत्या फिरल्या आणि खाचा जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील. खाचाही सोबत फिरल्या तर कॅसेट. या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीने निम्म्या चुका टळतात, कारण फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट कोणत्याही खटपटीने बसत नाही.

8 किंवा 9 चकत्यांचे आट्यांचे फ्रीव्हीलही बाजारात मिळते. ते घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या रचनेत उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत, फ्रीव्हीलच्या मागे असतात आणि त्यापुढचा ॲक्सल निराधार राहतो. चकत्या वाढल्या की हा निराधार भाग आणखी लांबतो. मग वजनदार स्वार आणि खड्ड्यांचा रस्ता एकत्र आले की ॲक्सल वाकतो.

खरे तर बहुतेकांना जास्त गिअर नको असतात, सिंहगडासारख्या चढावर हलका गिअर हवा असतो. त्याला सोपा उपाय आहे. जुने फ्रीव्हील 14-28 दात्यांचे (सर्वांत लहान चकती 14, सर्वांत मोठी 28) असेल तर 7 चकत्यांचेच 14-34 घ्यावे. पुढची लहान चकती 24 दात्यांची धरली तर आधी पायडलच्या एका फेऱ्यात चाक 0.86 वेळा फिरत होते, आता 0.71 वेळा फिरेल. चढावर हा फरक लगेच जाणवतो. मात्र आधी डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या भागाची) मर्यादा पाहावी, कारण काही स्वस्त डिरेलर 28 दात्यांपुढे जात नाहीत. शिवाय एकूण क्षमता मोजावी लागते: पुढच्या चकत्यांतला फरक आणि मागच्या चकत्यांतला फरक यांची बेरीज. पुढे 42-34-24 आणि मागे 14-34 असेल तर 18 अधिक 20, म्हणजे 38. डिरेलरची क्षमता त्याहून कमी असेल तर पुढची व मागची दोन्ही लहान चकत्या लावल्यावर चेन लोंबते. चेनची लांबीही नव्याने ठरवावी. पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून, डिरेलर वगळून, चेन गुंडाळावी आणि त्यात आणखी एक इंच, म्हणजे एक आतली व एक बाहेरची कडी, धरावी. जुनी तोकडी चेन तशीच ठेवली तर दोन्हीकडे मोठी चकती लावल्यावर ती ताणली जाऊन डिरेलर मोडतो.

9 गिअरच हवे असतील तर कॅसेट हबचे चाक, कॅसेट, चेन आणि उजवा शिफ्टर असे चार भाग एकदम बदलावे लागतात. शिमानो कंपनीचा 7 किंवा 8 गिअरचा डिरेलर 9 गिअरलाही चालतो, फक्त वर सांगितलेल्या दोन मर्यादा (सर्वांत मोठी चकती आणि एकूण क्षमता) पाळायच्या. माउंटन बाइकच्या 10 गिअरपासून शिमानोने केबल ओढण्याचे प्रमाण बदलले. तिथे जुना डिरेलर ठेवला तर एकही गिअर ठिकाणावर बसत नाही, कितीही ॲडजस्ट करा. शिमानोचा शिफ्टर आणि स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा डिरेलर ही जोडीही याच कारणाने जमत नाही. फक्त हब बदलायचा असेल तर रिमला 32 भोके आहेत की 36, ते मोजावे. मागचे चाक जिथे बसते तिथले फ्रेममधले अंतरही मोजावे. साध्या ॲक्सलच्या माउंटन बाइकला ते सहसा 135 मिमी असते.

नव्या चकत्यांवर जुनी चेन घालू नये. एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. बरोबर 12 इंचांवर पिनचा मध्य आला तर चेन ठीक. तो 1/16 इंच पुढे गेला तर चेन बदला. 1/8 इंच पुढे गेला असेल तर मागच्या चकत्याही झिजलेल्या समजाव्यात. अशा चकत्यांवर नुसती नवी चेन घातली तर जोर लावताच ती घसरते.

ब्रेकबाबत एकच गोष्ट आवर्जून सांगायची. अनेक 21 गिअरच्या सायकलींना शिफ्टर आणि ब्रेकचा लीव्हर एकाच तुकड्यात असतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक घेतले की तो पूर्ण तुकडा काढावा लागतो, म्हणून वेगळे शिफ्टर हिशेबात धरावेत. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचे ब्रेक तेल) कधीही घालू नये. आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

नवा शॉकअप (पुढचा सस्पेन्शन फोर्क) घेताना त्याची हेड ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत, जाणारी नळी खालीवर सारखी 28.6 मिमी आहे की खाली दीड इंचापर्यंत रुंदावते, ते पाहावे. आतून 34 मिमीच्या हेड ट्यूबमध्ये रुंदावणारी नळी जात नाही. 80 मिमी ट्रॅव्हलच्या (दबण्याच्या अंतराच्या) जागी 120 मिमी घेतला तर सायकलचे तोंड उचलले जाते, हेड ट्यूबचा कोन साधारण 2 अंशांनी बदलतो आणि चढावर पुढचे चाक भरकटते.

सायकल उत्पादकांकडे आमची एक मागणी आहे. अनेक माहितीपत्रकांत 'अलॉय हब', 'सस्पेन्शन फोर्क' एवढेच छापलेले असते. त्याऐवजी हब फ्रीव्हीलचा की कॅसेटचा, मागचे अंतर, बीबी शेलची (पायडलचा ॲक्सल बसतो त्या फ्रेमच्या नळीची) रुंदी, फोर्कच्या नळीचे माप, सीटपोस्टचा व्यास आणि डिरेलर हँगरचा (डिरेलर ज्यावर लागतो त्या फ्रेमवरच्या पट्टीचा) क्रमांक ही सहा मापे फ्रेमवरच्या स्टिकरवर छापावीत. हँगरचा क्रमांक तर हवाच. फ्रेमनुसार हँगर बहुधा वेगळा असतो आणि सायकल उजवीकडे पडली की सर्वांत आधी तोच वाकतो. तोपर्यंत ग्राहकांनी मोडलेला हँगर टाकून न देता दुकानात सोबत न्यावा आणि नव्यावर ठेवून भोकाला भोक जुळते का, ते पाहूनच घ्यावा.

आपले,
सायकल दुरुस्ती कारागीर, पुणे